बुधवारचं पुस्तक

आमच्या वाचनालयात बाकं होती, खुर्च्या होत्या, खिडकीजवळ एक आरामखुर्चीसुद्धा होती. तिच्यासाठी रोज सकाळी निवृत्त मंडळींची जुंपायची. पण यांतल्या कशावरही काकांना टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. ते उभे असत. उभे म्हणजे तरी कसे, एक पाय चपलेत, दुसरा चपलेबाहेर, आणि बाहेरचा पाय सारखा पहिल्याची पोटरी खाजवतोय. बसस्टँड जवळच होतं. तिकडून हॉर्न आला की त्यांची मान वळायची, मनगट डोळ्यांपाशी जायचं, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आंबाजोगाई. आज बी लेट."

एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी बीडच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, आवाज सुटला नाही. गावात त्यांना कंट्रोलर म्हणत. मी काका म्हणायचे.

मी तेव्हा बीडला नवीन होते. नवऱ्याची बदली झाली आणि चिपळूणहून उचलून मला इथे आणून ठेवलं. घरात निम्मी खोकी तशीच बांधलेली, कारण पुन्हा बदली होणार हे ठरलेलंच. ना धड आलोय, ना धड जातोय, असे ते दिवस. वाचनालयात काम मिळालं ते बरं झालं, नाहीतर मी त्या खोक्यांशीच भांडत बसले असते. माझा स्वभाव मुळात तापट. कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी माझं डोकं फिरतं. त्यामुळे सकाळी पुस्तक नेऊन दुसऱ्या सकाळी परत आणणारा आणि वर त्यात पेन्सिलीने फुल्या मारून आणणारा हा माणूस पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात गेला.

अगदी पहिल्या दिवशी ते टेबलासमोर येऊन म्हणाले, "मॅडम, कोरड्यास काय करावं, त्याचं एक पुस्तक पायजे. सोपं. शाकाहारी."

मला वाटलं, यांना कोरडे पदार्थ हवेत. मी चिवडा, शेव, शंकरपाळी असलेलं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. दुपारी ते परत हजर.

"मॅडम, मी काय दिवाळीचा फराळ मागितलता का?"

आरामखुर्चीपासून दारापर्यंत सगळा वाचनकक्ष हसला. माझे कान तापले. मग तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, माझी शिकवणी झाली. भाकरी कोरडी असते. तिच्याबरोबर जे खायचं, मग ते वरण असो, कालवण असो, पातळ भाजी असो, ते कोरड्यास.

"म्हणजे जे ओलं, त्यालाच तुम्ही कोरडं म्हणता?"

"कोरडं न्हाई, मॅडम. कोरड्यास. कोरड्या भाकरीला काय, आसं. शेवटचा स ऐका. त्या 'स'मंदी समदं जेवण हाय."

"मग घरी कोण करतं?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

त्यांचा पाय पोटरीवर थांबला. "करत होती," ते म्हणाले.

काकूंना त्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द येत नव्हता. खानावळीचा डबा लावला, तर वर तरंगणारं तेल बघून त्या दोन घास खात आणि डाव्या हाताने ताट सारून देत. दंड एवढासा झाला होता, म्हणाले, बांगडी कोपरापर्यंत जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात अन्न गेलं पाहिजे आणि जिभेला बोलायची सवय लागली पाहिजे, दोन्ही सुटलं तर बाई हातची जाईल.

"डॉक्टर म्हनले, तिच्याशी बोलत ऱ्हावा. आता मला बोलायची सवय गाड्यांची. तिला काय परळीची गाडी सांगू?"

हे सांगतानाही ते टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत करत होते. मला त्यांच्यामागे मान फिरवून फिरवून चक्कर यायची वेळ आली.

सोपं म्हणजे रोजच्यासाठी हवंय का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "बुधवारसाठी."

त्याचा हिशेब असा होता. रविवारी लेक परळीहून येई आणि सोमवारपर्यंत पुरेल एवढं करून ठेवी. मंगळवारी देवीचा उपास, आणि साबुदाणा त्यांना जमत होता. प्रश्न मधल्या दिवसांचा. "बुधवारला कुनी वाली न्हाई," ते म्हणाले. "देव न्हाई, पाहुणा न्हाई, बाजार न्हाई. पैलं आमच्यात बुधवारी मटण ऱ्हायचं. हिनं नारायणगडाला जाऊन माळ घातली, घरातलं मटण बंद झालं, आन् बुधवार बेवारशी झाला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार बी त्याच्याच पंगतीतले. मला बुधवारचं पुस्तक द्या."

मी नंतर पुष्कळ जाहिराती पाहिल्या, झटपट, सोपे, नोकरदारांसाठी वगैरे. पण कामाच्या दिवशी संध्याकाळी दमलेल्या माणसाने काय शिजवावं, या प्रश्नाला इतकं नेमकं नाव दुसरं कुणी दिलेलं मला माहीत नाही.

पण ते पुस्तक काही सापडेना. आमच्याकडे पाककृतींचं एक अख्खं कपाट होतं. काका एकेक नेत आणि एकेकाचा निकाल लावत. "हे रविवारचं हाय. बायकू, सून, लेक, तिघी लागतेत ह्याला." "हे पाहुण्याचं. फोटू बगा, कोथिंबीर सुदिक मोजून ठिवली हाय." एका पुस्तकात एका भाजीला तीन वेगवेगळी वाटणं होती. ते पुढ्यात आपटून म्हणाले, "ही गाडी बीडहून निघती, परळीला जाती, तितून माजलगाव, आन् मग बीडलाच येती. मला विनाथांबा भाजी पायजे." दुसऱ्या एकाची अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली आणि मिटून टाकलं. "शेपू न्हाई. ज्याला शेपू म्हाईत न्हाई त्यानं शाकाहाराचं नाव काढू नये."

सगळ्यात जास्त राग त्यांना एका शब्दाचा होता. एकदा भर दुपारी, पंखा गरागरा फिरत असताना, त्यांनी तो भोंग्यातल्या आवाजात वाचून दाखवला. "मीठ, चवीनुसार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुनाच्या चवीनुसार, मॅडम? जिची चव, तिला बोलाय येईना."

कुणी हसलं नाही. मलाही गलबलून आलं. पण त्यांनी पुढे केलेल्या पुस्तकात नऊ-दहा ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या दिसल्या आणि माझं गलबलणं जागच्या जागी आटलं. मी खोडरबर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात घातला आणि निघून गेले.

तोवर मलाही ईर्षा चढली होती. माझ्या हाताखाली एवढं कपाट, आणि एका माणसाला एक पुस्तक निवडून देता येत नाही म्हणजे काय! मी दुपारच्या वेळी पाककृती चाळू लागले, घरी नेऊ लागले. नवरा म्हणाला, एवढी पुस्तकं वाचतेस, जेवायला मात्र खिचडी. शेवटी एका रात्री मला आठवलं, आणि मी न उघडलेल्या खोक्यांपैकी एक फाडलं. लग्नात मावशीने दिलेलं माझं स्वतःचं पुस्तक त्यात होतं. पातळ, लाल पुठ्ठ्याचं, हळदीचे डाग पडलेलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आमटी तयार, असल्या बेताच्या साध्या पाककृती. त्यावरच मी संसार चालवला होता. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्यासमोर ठेवून मी म्हटलं, "घ्या. हे बुधवारचं पुस्तक."

एका रात्रीत पुस्तक परत करणारा माणूस आठवडाभर फिरकला नाही. आधी मला आनंद झाला, की आवडलेलं दिसतंय. मग शंका येऊ लागली. मग माझ्या मावशीच्या पुस्तकावर पेन्सिलीच्या फुल्या पडताहेत असं डोळ्यांसमोर येऊ लागलं, आणि एका संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावून मी तरातरा त्यांच्या घरी निघाले.

घर स्टँडमागच्या गल्लीत. खाली एक मुसलमान कुटुंब राहत होतं. त्या घरच्या आपा दारातच शिलाई मशीन मांडून बसलेल्या. वर जायला बाहेरून जिना. काकांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच येत होता. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, त्या चालीत ते म्हणत होते, "तुरीची डाळ, एक वाटी. गोडा मसाला, एक चमचा. चिंचेचा कोळ. आन् गूळ. लिंबाएवढा."

मग दुसरा एक आवाज आला. घोगरा, जड, कसाबसा ओढून काढलेला.

"गू… गूळ?"

आपांनी मशीन थांबवलं. "जाव ऊपर," त्या मला म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "काकू आज फिर बोले."

वर दार उघडंच होतं. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या, गळ्यात माळ, उजवा हात मांडीवर निजवलेला, आणि चेहऱ्यावर असा संताप की मी दारातच थबकले. काका पुस्तक हातात धरून खोलीभर फेऱ्या मारत होते. मला बघताच काकूंनी डाव्या हाताने पदर सावरला, हसल्या, पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं. तोंड मात्र मिटलं ते मी निघेपर्यंत उघडलं नाही.

काकांनी मला जिन्यात ओढलं. "ऐकलं का? ऐकलं का तुमी? पेपर वाचला, न्हाई. अभंग लावले, न्हाई. नातवाला फोनवर आनलं, डोळ्याला पानी आलं, पर शब्द न्हाई. पाककृती वाचाय लागलो तर नुसती तोंड वाकडं करायची. जितं वाकडं केलं तितं मी फुली मारायचो. आन् तुमचं पुस्तक आनलं त्या दिवशी ही आमटी वाचली, तर म्हनली, गूळ! पैला शब्द, मॅडम!"

म्हणजे फुल्या काकांच्या नव्हत्याच. एवढे दिवस मी ज्या माणसाला खोडकर वाचक समजत होते, तो घरी जाऊन पुस्तकं वाचून दाखवत होता, आणि निकाल खुर्चीतून लागत होता.

"पण गुळाचा एवढा राग कशाला?" मी विचारलं.

"आमच्यात आमटीत गूळ घातला तर वऱ्हाड पंगतीतून उठून जातंय," काका म्हणाले. "ती हितं बीडजवळच्या पालीची हाय. त्यांच्यात तर डाळीला साखरेचा डबा सुदिक दाखवत न्हाईत." मग आवाज खाली आणून, जवळजवळ हात जोडत म्हणाले, "मॅडम, मला आता चांगलं पुस्तक नको. ह्याच्यापेक्षा वाईट आसंल तर द्या."

"हे वाईट आहे?"

"लई वाईट हाय," ते कौतुकाने म्हणाले.

जन्मापासून मी ती आमटी खात आले आहे. माझ्या आईची, आजीची, साऱ्या चिपळूणची आमटी ती. मी तिथे भांडायला गेले होते आणि पुस्तक त्यांच्याकडेच ठेवून परत आले. वाटेत आधी चिडले, मग एकटीच हसले, मग स्टँडसमोर उभी राहून पदराने डोळे पुसले.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी वाचनालयाच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते काम केलं. वाईटात वाईट पुस्तकं शोधायची. शेपूत दूध घालणारं एक मिळालं. त्यावर काकू "ईऽ" म्हणाल्या, आणि काका ते वाचनालयात येऊन सगळ्यांसमोर म्हणून दाखवत होते. वांग्याच्या भरितावर चीज किसायला सांगणारं एक होतं. ते ऐकून काकूंनी डाव्या हाताने पुस्तक हिसकावलं, जो हात एरवी ताट सारायलाच उठायचा तो. आरामखुर्चीवाले आजोबासुद्धा कामाला लागले. "मॅडम, हे बगा, पिठल्यात टोमॅटो सॉस. आजच न्या म्हनावं कंट्रोलरला."

सगळ्यात मोठा दिवस भाकरीचा. कुठल्याशा पुस्तकात लिहिलं होतं, 'ज्वारीची भाकरी अलगद लाटून घ्यावी.' काकांनी वाचलं. काकूंनी ऐकलं. "लाटून?" आणि मग, काका सांगत होते, खुर्चीच्या हातावर पंजा आपटत, एकदम स्पष्ट, "थापून!"

"मी वाचलेला शब्द माघारी म्हनली न्हाई, मॅडम. सोताचा म्हनली." ते दाराकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. "सोताच्या पोटातला शब्द हाय तो."

त्या दिवसापासून स्वयंपाकाचंही मार्गी लागलं. पुस्तकातलं चुकीचं वाचायचं, काकू चिडून दुरुस्त करणार, आणि काका त्या दुरुस्तीप्रमाणे शिजवणार. लसूण, शेंगदाण्याचं कूट, येसराचा मसाला, असे एकेक शब्द येत गेले आणि ते पातेल्यात पडत गेले. काकू चार घास जास्त खाऊ लागल्या. बांगडी मनगटाकडे उतरली.

मग उन्हाळा आला आणि सगळं बिघडलं. काकूंना ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्या त्या गप्पच. काका वाचायचे, गूळ म्हणायचे, साखर म्हणायचे, चीज म्हणायचे. काकू खिडकीबाहेर बघत राहायच्या. ताट पुढे केलं तर निमूट दोन घास खायच्या. "तिला आता राग बी येईना," काका म्हणाले. वाचनालयाच्या फरशीवर त्यांच्या चपलांचा आवाज थांबत नव्हता. बाहेर उन्हाच्या झळा, कपाटांचे पत्रे तापलेले, आणि हा माणूस दार ते टेबल, टेबल ते दार. त्यांना बघून माझंही कशात लक्ष लागेना. मी एकच पुस्तक तीन वेळा चुकीच्या कप्प्यात लावलं.

एक दिवस स्टँडवरून हॉर्न वाजला आणि त्यांची मान वळली नाही. घड्याळाकडे हात गेला नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

"काका, आंबाजोगाई गेली," मी म्हटलं.

"जाऊंद्या," ते म्हणाले. मग टेबलाशी येऊन, "मॅडम, वाचून भागत न्हाई. आता करूनच घालतो. तुमच्या पुस्तकातली ती आमटी. गूळ मूठभर. ह्याच्यावर बी बोलली न्हाई तर मग…" ते दारापर्यंत जाऊन परत आले. "बुधवारी तुमी या जेवाय. मला एकट्याला बघाय भ्या वाटतंय."

मी गेले. दिवस मावळायला आला होता. आपांचं मशीन खाली चालू होतं. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. वर काकांनी सगळी मांडामांड करून ठेवलेली. भाकऱ्या थापलेल्या होत्या, कडा फाटलेल्या, पण थापलेल्या. काकूंची खुर्ची पाटाशेजारी ओढून पुढ्यात स्टूल ठेवलेलं. मला बघून त्या हसल्या, डाव्या हाताने जागा दाखवली. दंड पुन्हा बारीक झाला होता.

काकांनी आमटी वाढली. स्वतः जेवायला बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारापासून आमच्यापर्यंत येत, परत जात, उगीच मीठ आणत, उगीच पाणी आणत. डोळे काकूंच्या तोंडावर.

मी पहिला घास घेतला आणि सगळं विसरले. खोटं कशाला सांगू, आमटी फर्मास झाली होती. चिंच, गूळ, गोडा मसाला, वर ओलं खोबरं, तेही त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं. बीडला आल्यापासून मी असली आमटी खाल्ली नव्हती. माझ्या आईने वाढल्यासारखं वाटलं. मी भाकरी बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचा घास घेतला. चावला. गिळला. कपाळावर आठी नाही, तोंड वाकडं नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. माझी वाटी रिकामी झालेली पाहून त्यांनी डाव्या हाताने आमटीचं पातेलं हळूहळू माझ्याकडे सरकवलं. मी "पुरे, पुरे" म्हणत आणखी घेतली, आणि मनापासून घेतली. त्यांनी पुन्हा सरकवलं. ती गोड आमटी त्यांनी स्वतः वाटीच्या तळापर्यंत संपवली, एक शब्द न बोलता.

काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत्ताच उठून गेलेल्या माणसाच्या जागेकडे बघावं, तसं ते त्या रिकाम्या वाटीकडे बघत होते.

निघताना मी काकूंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काका दारापर्यंत आले. "खाल्ली," ते कुजबुजले. "मूठभर गूळ, आन् खाल्ली. संपलं वाटतं, बाई." मॅडमची बाई मी त्या दिवशी झाले. मी बाहेर आले, त्यांनी दार लोटलं, आणि मी जिन्यावर बसून सँडलचा पट्टा लावायला लागले. डोळ्यांतल्या पाण्याने पट्ट्याचं भोक दिसेना.

तेवढ्यात आतून आवाज आला. घोगरा, जड, थांबत थांबत, पण असा चढलेला की लोटलेलं दारही त्याला पुरलं नाही.

"लोकाच्या… लेकीला… असलं… खाऊ घालतेत व्हय?"

माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. खाली आपांचं मशीन बंद पडलं.

"काय म्हनलीस?" काकांचा आवाज. "आं? काय म्हनलीस?"

"बिचारी!" काकू म्हणाल्या. "ला… लाजं… लाजंकाजं खाल्ली! गूळ! समदा गूळ!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी पाहुणी होते. पाहुण्यासमोर जेवणाला नाव ठेवायचं नाही, नवऱ्याने केलेलं असलं तर मुळीच नाही. पाहुणा निम्म्यात उठू नये म्हणून आपणही ताट टाकायचं नाही. पहिल्या दिवशी मला बघून त्यांनी पदर सावरून तोंड मिटलं होतं, ते काका विसरले आणि मीही विसरले. आम्ही दोघांनी मिळून ज्या बाईला चिडवायला एवढा घाट घातला, तिच्यासमोर पाहुणा आणून बसवला होता. तिने सगळा राग माझं जेवण होईपर्यंत गिळून ठेवला होता, आणि मी कधी उंबरठा ओलांडते याची वाट बघत होती.

आत काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, पावलं ओळखू येत होती. "परत म्हन. पैल्यापासून म्हन. लोकाच्या लेकीला, फुडं?"

"बसा," काकू म्हणाल्या.

पावलं चालूच.

"बसा की खाली!"

आणि पावलं थांबली. एक खुर्ची करकरली. मग काकांचं नाक ओढणं ऐकू आलं. खालून आपा पदर तोंडाला लावून वर बघत होत्या. स्टँडवरून एक गाडी हॉर्न देत निघाली, कुठली ते मला कळलं नाही, आणि आतून कुणी पुकारलं नाही.

माझी पुन्हा बदली झाली, म्हणजे नवऱ्याची. लाल पुस्तक मी मागितलं नाही. काकू आता मोडकंतोडकं का होईना, बोलतात. बुधवारी फोन येतो. काका आधी गाड्यांचं सांगतात, मग फोन खुर्चीकडे जातो आणि तिकडून जड जिभेने, काळजीने भरलेला प्रश्न येतो, "कोरड्यास काय केलंस गं?" माझ्यापुढे शेगडीवर चिंचगुळाची आमटी रटरटत असते. मी तिच्यावर झाकण ठेवते आणि सांगते, "पिठलं, काकू." त्या सुस्कारा सोडतात. त्या दिवशीची आमटी मला खरंच आवडली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.